विचारायला कोणी नसेल तेव्हा : प्रस्तावना

5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा हा मध्य प्रदेशाचा नवा जिल्हा झाला. छिंदवाडा जिल्ह्याची मराठी बोलणारी दक्षिण बाजू, म्हणजे सौंसर आणि पांढुर्णा, त्या दिवसापासून नव्या जिल्ह्यात आली. तेव्हा मी सौंसरच्या एका ठोक व्यापाऱ्याच्या पेढीचे हिशेब पाहत होते. खते, बियाणे आणि फवारणीची औषधे हा त्यांचा माल, आणि गावोगावची कृषी केंद्रे हे गिऱ्हाईक. ज्या कंपनीचा माल पेढी विकायची, तिला दर तिमाहीला जिल्हावार विक्री लागायची आणि शेजारच्या रकान्यात मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीचा आकडा. जिल्हा बदलला म्हणून मी ग्राहकांची यादी उघडली, आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या नावांपुढचे ‘छिंदवाडा’ काढले आणि ‘पांढुर्णा’ भरले. दहा मिनिटांचे काम होते. अहवाल निघाला, सुबक निघाला, मी तो पाठवून दिला.

चार दिवसांनी फोन आला. मागच्या वर्षी छिंदवाड्याची विक्री म्हणून आम्हीच जो आकडा कळवला होता, त्याच्याशी यंदाच्या कागदातला ‘मागील वर्ष’ हा रकाना जुळत नव्हता. छिंदवाडा एकदम रोडावला होता. पांढुर्णा जिल्हा अस्तित्वातच नव्हता त्या वर्षीही पांढुर्ण्याची भरघोस विक्री दिसत होती. पेढीचे मालक वयाने मोठे, आवाज न चढवणारे. त्यांनी दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, “ताई, मागच्या साली आपणच दिलेला आकडा आज खोटा कसा झाला?”

मला उत्तर देता आले नाही. बेरीज बरोबर होती, एकूण विक्री पैशापर्यंत जुळत होती आणि तरीही कागद चुकीचा होता. विचारायचे कोणाला? सौंसरमध्ये हे काम करणारे आम्ही जे दोन-चार जण होतो, त्या सगळ्यांनी तीच दहा मिनिटांची दुरुस्ती केली होती. तीन दिवसांनी, दुसऱ्याच कशासाठी तरी चाळायला काढलेल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात मला माझी चूक छापलेली सापडली. राल्फ किंबॉल यांचे ‘द डेटा वेअरहाउस टूलकिट’, पहिली आवृत्ती 1996. विक्रीच्या नोंदी तशाच राहतात, पण ज्या यादीच्या आधाराने आपण त्या नोंदींची वाटणी करतो ती यादी हळूहळू बदलत जाते. माणसे गाव बदलतात, दुकाने विभाग बदलतात. अशा बदलाला तोंड देण्याच्या तीन रीती त्यांनी सांगितल्या आहेत. पहिली रीत जुने पुसून नवे लिहिण्याची. ती सोपी आहे, पण तिने इतिहासही नव्याने लिहिला जातो. दुसरीत जुनी ओळ तारखेसह बंद करून नवी ओळ उघडायची, म्हणजे जुनी विक्री जुन्या जिल्ह्यात राहते आणि नवी नव्यात जाते. तिसरीत जुना जिल्हा आणि नवा जिल्हा असे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवायचे, म्हणजे कोणत्याही वर्षाची विक्री हव्या त्या सीमेप्रमाणे काढता येते. मी पहिली रीत वापरली होती. मला तिसरी हवी होती.

आमचा जिल्हा जन्माला येण्याच्या सत्तावीस वर्षे आधी अमेरिकेतल्या एका माणसाने या जिल्ह्याच्या अहवालाची अडचण लिहून ठेवली होती. ते पान वाचताना मला जे वाटले, त्यातून हे पुस्तक लिहायचे ठरले.

*

आधी ‘रिपोर्ट’ या शब्दाविषयी. धंद्यातला रिपोर्ट ही संगणकाने आणलेली वस्तू नाही. मराठीत तिला केव्हापासूनचा शब्द आहे : गोषवारा. रोजच्या घडामोडी कीर्दीत चढायच्या, कीर्दीतून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जायच्या, खात्यांच्या बाक्या ओळीने मांडल्या की तेरीज व्हायची आणि तेरजेवरून ताळेबंद. टॅलीच्या पडद्यावर आज जे ‘डे बुक’, ‘लेजर’, ‘ट्रायल बॅलन्स’ आणि ‘बॅलन्स शीट’ दिसते, ते हेच चार टप्पे. आमच्या भागातले जुने मुनीम ही चारही नावे सहज वापरायचे. त्यांच्या नातवंडांना ती परकी वाटतात आणि इंग्रजी नावे पाठ असतात, पण एका टप्प्यातून दुसऱ्यात आकडा कसा जातो हे मात्र पुष्कळांना सांगता येत नाही. संगणकाने मधले टप्पे लपवले. एंटर दाबले की ताळेबंद तयार.

संदर्भग्रंथ हाताशी ठेवून कारभार करण्याची रीतही आपल्याला नवी नाही. दप्तर कसे ठेवावे याचे नियम सांगणारे मेस्तक हेमाडपंताच्या नावाने ओळखले जाते. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करून घेतला, त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द वर्गवार लावले आहेत. तो कोश कोणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्यासाठी केलेला नव्हता. कारकुनाचे लिहिता लिहिता अडले की त्याने उघडावा, हवे ते पाहावे आणि मिटावा. संदर्भग्रंथाची ही व्याख्या मला पुरेशी वाटते.

*

पांढुर्णा-सौंसरची पोरे हे काम कुठे शिकतात? बहुतेक जण बारावीनंतर किंवा पदवीनंतर डीसीए हा संगणकाचा डिप्लोमा करतात, पुढे पीजीडीसीए. भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाशी जोडलेली केंद्रे मध्य प्रदेशात लहान लहान गावांपर्यंत पोचली आहेत. मीही काही वर्षे अशाच एका केंद्रात शिकवले. सरकारी नोकरीच्या आशेने काही जण सीपीसीटी या संगणक-परीक्षेची तयारी करतात. सौंसरपासून तीस-चाळीस किलोमीटरवर, हद्दीपलीकडे महाराष्ट्रात सावनेरला त्यांच्याच वयाची मुले मराठी पुस्तकातून एमएस-सीआयटी करत असतात. आमच्या मुलांच्या घरात मराठी, शाळेत हिंदी आणि पडद्यावर इंग्रजी. 1956 च्या 1 नोव्हेंबरला राज्यांची नवी रचना झाली, तोवर या मुलुखाची राजधानी नागपूर होती. पुढे ती भोपाळ झाली, आणि अभ्यासाची भाषाही भोपाळची.

शिकून बाहेर पडलेल्या मुलाला काम मिळते ते जिनिंगमध्ये, संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे, खताच्या दुकानात, नाहीतर बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत. बोरगावला रेमंडसारखा मोठा कारखाना आहे. तशा ठिकाणी विभाग असतो, वरिष्ठ असतो, अडले तर शेजारच्या टेबलाला विचारता येते. बाकी सगळीकडे मुलगा एकटा असतो. मालकाला हिशेब कळतो, संगणक कळत नाही. ज्याने सॉफ्टवेअर बसवून दिले तो नागपूरला असतो आणि त्याचा फोन लागतोच असे नाही. सनदी लेखापाल वर्षातून एकदा भेटतो. मोठ्या शहरातल्या नवशिक्याला जे काम त्याचा वरिष्ठ करून देतो, ते इथे कशाने तरी भरून काढावे लागते.

आज कोणीही म्हणेल, व्हिडिओ आहेत की. आहेत, आणि मी ते नाकारत नाही. पिव्होट टेबल पहिल्यांदा कसे करायचे हे पुस्तकाच्या चार पानांपेक्षा पाच मिनिटांच्या व्हिडिओत चांगले कळते. हात कुठे न्यायचा, काय ओढून कुठे सोडायचे, हे डोळ्यांनीच शिकावे. पण व्हिडिओ करणाऱ्याने आधीच स्वच्छ केलेली माहिती घेतलेली असते. त्याच्या यादीत ‘सौंसर’, ‘सौसर’ आणि ‘सांवसर’ अशी एकाच गावाची तीन रूपे नसतात, म्हणून त्याच्या तक्त्यात एक गाव तीन ओळींत फुटत नाही. शिवाय व्हिडिओत शोधायचे तर आपल्याला काय शोधायचे आहे ते ठाऊक असावे लागते. माझ्या जिल्ह्याच्या चुकीला काय नाव आहे हेच मला माहीत नव्हते, मग मी काय लिहून शोधले असते? पुस्तकात आपण एक गोष्ट शोधायला जातो आणि अलीकडच्या पानावर दुसरी दिसते. त्या दुसऱ्या गोष्टीने माझी अब्रू पुष्कळदा वाचवली आहे.

पुस्तक हवे याचे दुसरे कारण मला याहून मोठे वाटते. अहवालातली चूक दिसत नाही. भाकरी करपली तर वास येतो, मोटर जळली तर धूर येतो. चुकीचा आकडा बरोबर आकड्याइतक्याच सुबक ठशात छापला जातो. म्हणून ‘कसे करायचे’ याच्या जोडीला ‘हे कुठे फसवते’ हे सांगणारे कोणीतरी शेजारी हवे, आणि ते काम चांगला संदर्भग्रंथ करतो.

*

एक उदाहरण आमच्या जिनिंगचे घेते, कारण सौंसर-पांढुर्ण्याच्या वाचकाला ते समजावून सांगावे लागत नाही. कापसातून रुई किती निघाली याला आपण उतारा म्हणतो. समजा, एका दिवशी दोन ढीग काढले. पहिला 10 क्विंटलचा, उतारा 36 टक्के. दुसरा 190 क्विंटलचा, उतारा 32 टक्के. संध्याकाळी मालक विचारतात, आज सरासरी उतारा किती? एक्सेलमध्ये उताऱ्याच्या रकान्याची सरासरी काढली की 34 येते. ती चूक आहे. पहिल्या ढिगातून निघाली 3.6 क्विंटल रुई, दुसऱ्यातून 60.8, मिळून 64.4. कापूस 200 क्विंटल. म्हणजे उतारा 32.2 टक्के. 34 टक्क्यांनी 68 क्विंटल रुई व्हायला हवी होती. फरक 3.6 क्विंटलचा. 170 किलोच्या गाठी धरल्या तर दोन गाठींहून थोडी जास्त रुई कागदावर आहे आणि गोदामात नाही. असा अहवाल पाहून मालकाने चौकीदारावर संशय घेतला, तर दोष कोणाचा?

हेच पुढे नेऊ. पिव्होट टेबलात ‘कॅल्क्युलेटेड फील्ड’ नावाची सोय आहे. तिथे ‘रुई भागिले कापूस’ असे सूत्र लिहिले तर उत्तर बरोबर येते, कारण ती सोय आधी दोन्ही रकान्यांच्या बेरजा करते आणि मग भागते. हे पाहून मुलगा खूश होतो आणि त्याच विश्वासाने तिथेच ‘भाव गुणिले वजन’ असे लिहितो. आता उत्तर भलतेच येते. कारण तेच : आधी सगळ्या भावांची बेरीज, मग सगळ्या वजनांची बेरीज, मग गुणाकार. एकच सोय भागाकाराला तारते आणि गुणाकाराला बुडवते. सूत्राच्या खिडकीत याची सूचना येत नाही. हे लिहिलेले असते पुस्तकात, बहुधा चौकटीत, बारीक अक्षरांत. त्या बारीक अक्षरांतल्या चौकटींसाठी पुस्तक विकत घ्यावे असे मी विद्यार्थ्यांना सांगत आले आहे.

मंडीचे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. आपल्याकडे मंडीत शेतमाल विकला की अनुबंध पर्ची होते, मग तौल पर्ची, मग भुगतान पत्रक. समजा, एका शेतकऱ्याचा 40 क्विंटलचा सौदा झाला आणि व्यापाऱ्याने पैसे दोन हप्त्यांत दिले. सौद्यांची यादी एका तक्त्यात, पैशांची दुसऱ्यात. दोन्ही जोडून अहवाल काढला की 40 क्विंटल दोनदा दिसतो, प्रत्येक हप्त्यापुढे एकदा, आणि खाली बेरीज येते 80. उलट ज्याला अजून एकही पैसा मिळालेला नाही त्या शेतकऱ्याची ओळ, साधी जोडणी केली असेल तर, यादीतून नाहीशी होते. थकबाकीचा अहवाल काढायचा आणि ज्याची सगळी रक्कम थकली त्याचेच नाव गळायचे! तक्त्यांची अशी मांडणी आणि जोडणी यांचे शास्त्र एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडले. पन्नास वर्षांत सॉफ्टवेअर किती आली आणि किती गेली, पण या दोन चुका जशाच्या तशा आहेत, म्हणून त्यांवरची जुनी पुस्तकेही उपयोगाची आहेत.

संत्र्याचा हिशेब तर कोणत्याही तयार अहवालात बसत नाही. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास उतरतात, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. मधेच 31 मार्च येतो. एकाच मृग बहाराची तोड दोन आर्थिक वर्षांत विभागली जाते. व्यापाऱ्याला जाणून घ्यायचे असते की या बहारात बाग घेऊन फायदा झाला की तोटा. सॉफ्टवेअर सांगते वर्षाचा फायदा. यावर उपाय म्हणजे तारखांचा स्वतंत्र तक्ता. वर्षाचा प्रत्येक दिवस एका ओळीत, शेजारी महिना, आर्थिक वर्ष, आणि आपल्या हाताने भरलेला ‘बहार’ हा रकाना. मार्को रुसो आणि अल्बर्टो फेरारी यांच्या ‘द डेफिनिटिव्ह गाइड टू डॅक्स’ या पॉवर बीआयवरच्या जाड ग्रंथात तारखांच्या तक्त्याचे महत्त्व पुन्हा पुन्हा येते. त्या दोन इटालियन लेखकांना मृग बहार माहीत असण्याचे कारण नाही. पण त्यांनी तत्त्व इतके नीट सांगितले आहे की बहाराचा रकाना मला स्वतःहून सुचला.

तारखेचाच एक धोका आणखी सांगते, कारण तो आमच्या जिल्ह्याच्या जन्मतारखेतच आहे. 05/10/2023 असे लिहिले तर आपण 5 ऑक्टोबर वाचतो. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो 10 मे वाचतो. आणि 15/10/2023 त्याला कळतच नाही, पंधरावा महिना नसतो म्हणून ती तारीख तो नुसता मजकूर समजून सोडून देतो. परिणाम असा की महिन्याच्या 1 ते 12 तारखांची बहुतेक विक्री भलत्याच महिन्यात जाते आणि 13 पासून पुढची कोणत्याच महिन्यात येत नाही. मी एका वर्षाचा अख्खा अहवाल असा बिघडलेला पाहिला आहे. महिन्यांचे रंगीत खांब मात्र सुरेख उभे होते.

अशा चुका फक्त लहान गावात होतात असे कोणी समजू नये. एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये 65,536 ओळी मावतात. 2007 पासूनच्या नव्या पद्धतीत 10,48,576. ही गोष्ट एक्सेलच्या कोणत्याही संदर्भग्रंथात मर्यादांच्या तक्त्यात छापलेली असते. 2020 मध्ये करोनाच्या साथीत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने जुन्या पद्धतीची फाइल वापरली. मर्यादेपलीकडच्या ओळी गळाल्या आणि 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातले 15,841 बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. एवढे साधन, एवढी माणसे, आणि चूक एका तक्त्यातल्या एका ओळीची.

*

माझ्या स्वतःच्या पुस्तकांविषयी थोडे लिहिते. त्यांचे ऋण मान्य केल्याशिवाय प्रस्तावना पुरी होणार नाही.

टॅली मी ए. के. आणि के. के. नधानी यांच्या बीपीबी प्रकाशनाच्या पुस्तकांतून शिकले. टॅलीत 28 गट तयार मिळतात, 15 मुख्य आणि 13 उपगट. नवे खाते उघडताना ते कोणत्या गटाखाली घालायचे एवढेच विचारले जाते आणि मुले पटकन काहीतरी निवडून पुढे जातात. जिनिंगची मजुरी ‘डायरेक्ट एक्सपेन्सेस’ऐवजी ‘इनडायरेक्ट’मध्ये गेली तर निव्वळ नफा तोच राहतो, पण ढोबळ नफा फुगतो आणि मालकाला वाटते की कापूस आणखी चढ्या भावाने घ्यायला हरकत नाही. गट निवडणे म्हणजेच अहवाल लिहिणे, हे मला त्या पुस्तकांतल्या गटांच्या तक्त्याने शिकवले. नोव्हेंबर 2020 मध्ये टॅलीप्राइम आले, पडद्याचे रूप बदलले, सवयीच्या वाटा मोडल्या. त्या पुस्तकांतली कळांची पाने जुनी झाली. गटांचा तक्ता मी अजून उघडते.

क्रिस्टल रिपोर्ट्सचे पुस्तक मात्र मी नागपूरहून आणले. सौंसरहून नॅरो गेजची छोटी गाडी तेव्हा चालायची. 2015 च्या अखेरीस ती बंद झाली. बर्डीवर जुन्या पुस्तकांत जॉर्ज पेक यांचा ‘द कम्प्लीट रेफरन्स’ मिळाला, सोबतची सीडी नसलेला, पाठीमागचा पुठ्ठा निखळलेला. त्या काळी गावोगावच्या दुकानांत चालणारी बिलाची सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेली असायची आणि त्यांचे छापील अहवाल क्रिस्टलमध्ये. माझ्या एका अहवालात पानाच्या माथ्यावरची बेरीज नेहमी शून्य यायची आणि पायथ्याशी बरोबर यायची. महिनाभर मी सूत्र बदलत राहिले. सूत्रात दोष नव्हताच. क्रिस्टल माहितीवरून एकदा वाचताना फिरतो आणि पुन्हा छापताना फिरतो, आणि कोणते सूत्र कोणत्या फेरीत चालावे हे आपण सांगायचे असते. माथा छापताना खालच्या ओळी अजून आलेल्याच नसतात, तर बेरीज कुठून येणार? परतीच्या गाडीत हे वाचले तेव्हा मला कळले की सॉफ्टवेअर शिकणे म्हणजे ते कोणत्या क्रमाने काम करते हे शिकणे. आज क्रिस्टल वापरणारे थोडे उरले आहेत. पण पॉवर बीआयमध्ये एखादा आकडा वेडावाकडा आला की मी अजून तोच प्रश्न विचारते : हा कोणत्या वेळी मोजला गेला, आणि तेव्हा त्याच्यापुढे कोणत्या ओळी होत्या?

यावरून जुने पुस्तक घ्यावे की नाही हे ठरवता येते. कोणती कळ, कोणता मेनू, कोणता रंग हे दोन-तीन वर्षांत शिळे होते. मोजण्याचा क्रम, तक्त्यांची जोडणी, गटांची रचना, तारखेचा विचार हे शिळे होत नाही. पुस्तक हातात घेतले की आधी अनुक्रमणिका पाहा आणि मग शेवटची सूची. ज्या पुस्तकाची सूची दोन पानांची, ते संदर्भाला फारसे कामाचे नाही, मुखपृष्ठावर काहीही लिहिलेले असो.

पुस्तके इंग्रजी आहेत ही अडचण खरीच आहे. माझ्याकडे शिकायला आलेल्या हुशार मुली ‘ग्रुप फुटर’ हे शब्द बिनचूक म्हणायच्या आणि त्याचा अर्थ विचारला की गप्प व्हायच्या. ‘प्रत्येक गावाच्या नावाखाली त्या गावाची बेरीज’ असे म्हटले की लगेच डोळे चमकायचे. म्हणून या पुस्तकात मी एक धोरण ठेवले आहे. पडद्यावर जो शब्द इंग्रजीत दिसतो तो देवनागरीत तसाच ठेवला, कारण मुलांना तोच शोधायचा आहे. समजावणी मात्र पूर्ण मराठीत, आणि जिथे आपला जुना शब्द जिवंत आहे तिथे तोच : कीर्द, खतावणी, तेरीज, गोषवारा, ताळा. पिव्होटला मी मराठी नाव दिलेले नाही. ओढूनताणून केलेला शब्द कोणी बोलणार नाही. मंडीचे शब्द मंडीत चालतात तसेच हिंदी ठेवले आहेत. मागची सूची तिन्ही भाषांतल्या शब्दांची एकत्र आहे. ‘थकबाकी’, ‘बकाया’ आणि ‘आउटस्टँडिंग’ यांपैकी काहीही शोधले तरी त्याच पानावर याल.

ताळा या शब्दावर मी मुद्दाम एक प्रकरण खर्च केले आहे. जुने मुनीम बेरीज संपली की ताळा घेत, म्हणजे उत्तर पडताळून पाहत. संगणकावर काम करणाऱ्याची बेरीज चुकत नाही, म्हणून त्याने ताळा घेणे सोडले. माझा आग्रह आहे की प्रत्येक नवा अहवाल आधी दहा ओळींवर चालवावा. अशा दहा ओळी, ज्यांचे उत्तर आपण वहीत हाताने काढून ठेवले आहे. त्या दहांत एक शेतकरी पैसे न मिळालेला असावा, एक दोन हप्त्यांत मिळालेला, एक तारीख 12 च्या आतली, एक नंतरची, एक नाव चुकीच्या अक्षराने लिहिलेले. हे उत्तर जुळले तरच पूर्ण वर्षाची माहिती घालावी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी अशा दहा ओळी छापल्या आहेत. त्यांतली नावे कल्पित आहेत, पिके आणि गावे आपली आहेत.

या पुस्तकात काय नाही तेही सांगते. कोणत्याही सॉफ्टवेअरची ओळख पहिल्या कळीपासून इथे नाही. ती वर्गात किंवा व्हिडिओतून करून घ्या. जीएसटीचे दर आणि विवरणपत्रांचे नमुने नाहीत, ते बदलत राहतात आणि छापील पानावर जुना दर वाचून कोणी बिल केले तर नुकसान होईल. आलेखांवर थोडेच लिहिले आहे.

आता एक विनंती. प्रत्येक पानाला उजवीकडे रुंद समास सोडला आहे आणि शेवटी आठ कोरी पाने आहेत. तुमचा आकडा जिथे चुकला ते त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहा, तारखेसह. पेढी बदलाल तेव्हा पुस्तक सोबत न नेता तुमच्या जागी येणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या. माझ्या किंबॉलच्या प्रतीत त्या पानावर पेन्सिलीने ‘पांढुर्णा, 5 ऑक्टोबर 2023’ असे लिहिलेले आहे, आणि ती प्रत आज त्या पेढीत माझ्यानंतर आलेल्या मुलीच्या टेबलावर आहे.